गालावर बोट ठेवून घेतलेला श्वास

रात्री आडवी पडले की माझं पहिलं काम ठरलेलं असतं. उजव्या गालावर, नाकपुडीच्या जरा बाजूला, तर्जनी ठेवायची आणि कातडी कानाच्या दिशेने हलकीशी ओढायची. ओढली की आत काहीतरी मोकळं होतं, खिडकीची कडी काढल्यासारखं, आणि हवा सरळ आत जाते. बोट काढलं की बंद. जोरात श्वास घेतला तर नाकाची बाजूच आत ओढली जाते, आतल्या भिंतीला चिकटते आणि बारीकसा आवाज होतो, तो आवाज शेजारी झोपलेल्याला ऐकू येणार नाही पण मला येतो. झोप लागली की हात खाली पडतो, मग तोंड उघडं, आणि सकाळी उठते तेव्हा घसा असा कोरडा की पहिला तांब्याभर पाणी प्यायल्याशिवाय शब्द फुटत नाही. आणि सव्वासातला मला नववी ब च्या वर्गावर उभं राहायचं असतं.

दोन वर्षं झाली याला. मे २०२३ मध्ये मी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं, दिसण्यासाठी, आणि आता दुसरं करायचं की नाही ते ठरवायचंय. दुसऱ्या डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर देता आलं नाही म्हणून लिहायला बसलेय, लिहिताना माझं डोकं जरा लागतं. आणि अजून एक कारण आहे, आपल्याकडे अशी ऑपरेशनं करणाऱ्या बायका खूप आहेत पण बिघडलं तर कोणी बोलत नाही, कारण पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते म्हणजे "कोणी सांगितलं होतं?" कोणी सांगितलं नव्हतं, मीच गेले होते, पण म्हणून श्वास घेताना त्रास कमी होत नाही.

माझं नाक बाबांचं होतं. म्हणजे आजोबांचं, तिथून आत्याचं आणि बाबांचं, आणि पुढच्या पिढीत एकटी माझं. मधे उंचवटा, टोक किंचित खाली वळलेलं. आत्या त्याला मानाने "आपल्या घराचं नाक" म्हणायची आणि सातवीपासून वर्गात मला पोपट म्हणायचे, दोन्ही त्याच नाकाबद्दल. धाकटी बहीण आईवर गेली, तिचं नाक चाफेकळी, पाहुणे आले की तिच्याकडे बघून म्हणायचे आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचे, ही हुशार आहे. मला याचा राग होता असं नाही पण साठत गेलं. सत्ताविसाव्या वर्षी स्थळांसाठी फोटो काढायला स्टुडिओत गेले. फोटोवाल्याने न सांगताच माझी हनुवटी धरून समोर वळवली, "मॅडम साइडने नको." आणि फोटो हातात आला तर त्यात माझ्या नाकावरचा उंचवटाच नव्हता. त्याने आपणहून कॉम्प्युटरवर घासून सपाट केला होता, वर एक पैसा जास्त घेतला नाही, त्याला वाटलं मदत करतोय. तो फोटो मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता आणि कितीतरी वेळा काढून बघितला असेल. शेवटी तोच फोटो घेऊन मी डॉक्टरांकडे गेले, असं नाक पाहिजे म्हणून.

ट्यूशनचे चार वर्षांचे पैसे साठवले होते, १ लाख ७० हजार लागले. पहिली भेट वीस मिनिटांची. त्यांनी स्क्रीनवर माझा बाजूचा फोटो घेतला, माउस फिरवला, उंचवटा गेला. मला रडू आलं होतं त्या क्षणी, आनंदाने. त्या वीस मिनिटांत श्वासाबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही आणि त्यांनीही विचारला नाही. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाहीये. त्यांनी उंचवटा काढतो म्हणून सांगितलं आणि काढला. पण एवढं एक वाक्य त्या दिवशी कोणीतरी बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं, की बाई, हे नाक दिसायला आहे तसं चालायलाही आहे.

आता जे मला समजलंय ते तेव्हा माहीत असतं तर. नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा, खालचा सगळा कूर्चेचा, म्हणजे कानात असतं तसल्या लवचिक मऊ हाडाचा. बाहेरून दिसणारा उंचवटा काही हाड काही कूर्चा असा असतो. आपल्या कोकणातल्या कौलारू घराचा विचार करा, मधे आढं, दोन्हीकडून उतरते वासे. नाकाचा मधला पडदा म्हणजे ती आढ्याखालची भिंत आणि दोन्ही बाजूच्या वरच्या कूर्चा म्हणजे वासे. उंचवटा छाटताना आढंच छाटलं जातं, वासे भिंतीपासून सुटतात. सुटल्यावर त्यांना पुन्हा आधार दिला नाही तर ते हळूहळू आत कलतात. लगेच नाही, महिन्यांनी. म्हणूनच प्लास्टर काढलं त्या दिवशी मी आरशात बघून खूश होते, पहिले तीन महिने खूश होते, आणि मग उजेड वरून पडला की नाकावर दोन सावल्या दिसायला लागल्या, डोळ्यांच्या कोपऱ्यापासून खाली जाणाऱ्या, उलट्या व्ही सारख्या. हाड जिथे संपतं तिथे ती रेघ पडते कारण खालचं छप्पर बसलेलं असतं. आणि टोकाच्या जरा वर एक फुगवटा राहिला, त्यामुळे बाजूने बघितलं तर टोक पुन्हा खाली वळल्यासारखं दिसतं.

त्या फुगवट्याला सर्जन लोकांत एक नाव आहे, पॉलीबीक. मी रात्री एक वाजता वाचलं ते. पॉली म्हणजे पाळीव पोपटाला हाक मारतात ते नाव, बीक म्हणजे चोच. पोपटाची चोच. लॅपटॉप मिटला आणि आईच्या खोलीत जाऊन तिच्या पायाशी बसले, ती झोपली होती, उठवलं नाही.

सहाव्या महिन्यात पहिल्या डॉक्टरांकडे गेले तर म्हणाले सूज आहे, वर्षभर थांबा. हे खरंच आहे, आणि जे कोणी हे वाचत असेल आणि ज्यांचं ऑपरेशन चारपाच महिन्यांपूर्वी झालं असेल त्यांना मी हेच सांगेन की थांबा, नाकाची सूज उतरायला वर्ष लागतं, टोकाची सगळ्यात शेवटी, कातडी जाड असेल तर दीड दोन वर्षं. आपल्याकडे बऱ्याच जणांची कातडी जाड असते, माझीही आहे. आतला व्रण कडक असताना पुन्हा सुरी लावली तर बिघडलेलं अजून बिघडतं, म्हणून किमान १२ महिने झाल्याशिवाय कोणी जाणता सर्जन हात लावत नाही. पण दिसणं सुजेने बदलतं हे ठीक, सूज उतरत होती तरी माझा श्वास सुधारत नव्हता, महिन्यामागून महिना कमीच होत होता, आणि ते मी सांगितलं तेव्हा सर्दीचा स्प्रे लिहून मिळाला.

बहिणीच्या लग्नात कळून चुकलं. आजीची मोत्यांची नथ मी घालायची असं आजी असतानाच ठरलेलं. माझं नाक टोचलेलं नाही म्हणून सोनाराकडून तिला दाबाची करून घेतली होती. पार्लरवालीने नथ लावली, दाब अगदी हलका होता, आणि डावी नाकपुडी मिटली. उजवी आधीच नावाला. शालू, दागिने, वरून मे महिन्यातली हॉलची गर्मी, आणि मी मावशीशी बोलता बोलता तोंडाने श्वास घेत होते. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी नथ काढून रुमालात बांधली आणि पर्समध्ये टाकली. बहिणीने अंतरपाटाच्या बाजूने माझ्याकडे बघितलं, तिच्या लक्षात आलं, ती काही बोलली नाही. सगळ्या फोटोत मी नथीशिवाय आहे.

आणि मग शाळा. मी विज्ञान शिकवते. हवेचा दाब समजावताना एक प्रयोग दरवर्षी करून दाखवते, दोन कागद तोंडासमोर उभे धरायचे, मधे बोटभर जागा सोडायची, आणि त्या फटीत फुंकर मारायची. मुलांना वाटतं कागद लांब जातील, ते जवळ येतात, एकमेकांना चिकटतात. हवा जोरात वाहिली की तिथला दाब कमी होतो म्हणून. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात फुंकर मारली, कागद चिकटले, मुलं ओरडली, आणि मी तशीच कागद धरून उभी राहिले कारण माझ्या नाकात हेच होत होतं. जितक्या जोरात ओढीन तितकं ते मिटणार. एवढी वर्षं शिकवतेय आणि हे स्वतःला लावून बघितलं नव्हतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली.

या डॉक्टरांनी आधी नाकाकडे बघितलंच नाही. कागद दिला, पाच प्रश्न, नाक चोंदणं, अडकणं, श्वास घ्यायला त्रास, झोप, आणि कष्टाचं काम करताना पुरेशी हवा मिळते का. प्रत्येकाला शून्य ते चार, बेरीज करून पाचाने गुणायचं, शंभरपैकी, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे ७० आले. मग त्यांनी माझ्या गालावर दोन बोटं ठेवली आणि कातडी कानाकडे ओढली आणि म्हणाले आता घ्या श्वास. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जे मी रोज रात्री अंधारात एकटी करत होते त्याला कॉटल टेस्ट म्हणतात, ती तपासणी आहे. मला तिथे रडू फुटलं, दुसऱ्यांदा डॉक्टरांसमोर, पण हे रडू वेगळं होतं.

त्यांनी आरशात दाखवून समजावलं. नाकाच्या आत पडदा आणि वरची कूर्चा यांच्यामधे एक चिंचोळा कोन असतो, साधारण १० ते १५ अंशांचा, नाकातून जाणाऱ्या वाटेतली सगळ्यात अरुंद जागा तीच. त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. माझा उजवा कोन जवळजवळ मिटलाय. उपाय असा की पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या बारीक पट्ट्या, काडेपेटीच्या काडीपेक्षा जरा रुंद, उभ्या बसवून शिवायच्या म्हणजे वासे पुन्हा बाहेर सरकतात. स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात, जॅक शीन नावाच्या अमेरिकन सर्जनने १९८४ मध्ये मांडलेली पद्धत, म्हणजे नवीन काही नाही, पहिल्याच वेळी करता आलं असतं.

मग त्यांनी विचारलं, पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स आहेत का. माझ्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर चार ओळी. ते म्हणाले पूर्ण ऑपरेशन नोट्स मागवा, आत पडद्याची किती कूर्चा शिल्लक आहे त्यावर पुढचं सगळं. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून इथे जरा थांबून लिहिते. आपण अर्ज केला की ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं हा डॉक्टरांसाठीचा २००२ पासूनचा नियम आहे, आणि त्यांना ते उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवावं लागतं. म्हणजे तिसरं वर्ष संपायच्या आत मागा. मी तोंडी दोनदा मागितलं, काउंटरवर "बघतो मॅडम" झालं. तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि पाचव्या दिवशी झेरॉक्स मिळाली. घरी येऊन रिक्षातून उतरतानाच वाचली. पडद्यातली कूर्चा काढून टोकाला आधार म्हणून वापरली होती. मला हे माहीतच नव्हतं. सही केली असेन मी संमतीच्या कागदावर, सात पानं होती ती, पण माझ्या नाकातला पडदा कमी केलाय हे मला दोन वर्षांनी एका अस्पष्ट झेरॉक्सवर कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तर आता सामान कुठून आणायचं. कानामागून घेता येते कूर्चा, पण ती मऊ आणि वळलेली असते, सरळ पट्टीला तितकी चांगली नाही, एखाद्या छोट्या दुरुस्तीला ठीक. म्हणून बरगडी. सहावी किंवा सातवी, बायकांमध्ये छातीखालच्या घडीत चीर घेतात म्हणजे व्रण दिसत नाही. डॉक्टरांनी माझ्याच हाताने ती जागा दाबून दाखवली, इथून. मी आधी हसल्यासारखं केलं आणि मग घाबरले. बरगडीची कूर्चा भरपूर आणि मजबूत असते, पण तिला वाकायची खोड असते, आज सरळ कापलेली पट्टी महिन्यांनी वळू शकते, म्हणून मधल्या गाभ्यातून कापतात. फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाला इजा होऊन तिथे हवा जाऊ शकते, क्वचित, पण होऊ शकतं. दोन आठवडे खोकताना शिंकताना दुखणार. नाक पूर्वीपेक्षा कडक लागणार, बोटाने दाबलं तर दबणार नाही. चीर यावेळी बाहेरून, दोन नाकपुड्यांमधल्या दांडीवर, आणि सूज पुन्हा वर्षभर. सिलिकॉन का नाही असं मी विचारलं, ते म्हणाले एकदा उघडलेल्या नाकात बाहेरची वस्तू मी घालणार नाही, जंतुसंसर्ग झाला किंवा कातडीतून बाहेर आली तर तिसरं ऑपरेशन. आणि हेही त्यांनीच सांगितलं की दुसऱ्या ऑपरेशननंतर तिसरं लागणारेही असतात, मी तुम्हाला शब्द देणार नाही.

मधल्या काळात एका ठिकाणी मला इंजेक्शनने पंधरा मिनिटांत सावल्या भरून देतो असंही सांगितलं होतं, पैसेही कमी. मी जवळजवळ हो म्हणणार होते. त्या इंजेक्शनमधलं भरायचं औषध, त्याला फिलर म्हणतात, रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, डोळ्याची दृष्टी जाऊ शकते, आणि ऑपरेशन झालेल्या नाकात रक्तवाहिन्या जिथे असायच्या तिथे राहिलेल्या नसतात म्हणून धोका जास्त. आणि त्याने श्वास तर सुटणारच नव्हता. कृपा करून याचा नीट विचार करा कोणी करत असाल तर.

पुण्यात राहून हे सगळं वाचायला लागलं की एका माणसाची गाठ पडतेच. कावसजी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठा गडी, १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवीन नाक करून दिलं, दोन इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ ला हे छापून आलं, वीस वर्षांनी १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने तिकडे तसंच करून बघितलं आणि तिथून ही विद्या युरोपात पसरली. आपल्याकडे हे सांगताना सगळे सुश्रुतापासून सुरुवात करतात आणि छाती फुगवतात, मलाही अभिमान आहे, पण मी त्या वर्णनातल्या एका ओळीपाशी अडकले. त्यात लिहिलंय की आधी मेणाचं पातळ पान नाकावर बसवून बघायचं, मग ते सपाट करून कपाळावर ठेवून आखायचं, कापायचं, वळवून शिवायचं, सगळं. आणि दहाव्या दिवशी नव्या नाकपुड्या नीट उघड्या राहाव्यात म्हणून त्यात मऊ कापडाचे बोळे घालायचे. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण नाक नुसतं चेहऱ्यावर बसवून भागत नाही, त्यातून वारा जायला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात होतं. मी ती ओळ वहीत उतरवून ठेवलीये.

आता प्रश्नाकडे येते. दुसऱ्या भेटीच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, "समजा श्वास पूर्ण सुटला पण नाक आत्ता आहे तसंच दिसलं, तर चालेल का तुम्हाला? आणि समजा छान दिसायला लागलं पण श्वास असाच राहिला, तर?" मी म्हणाले दोन्ही पाहिजे. ते म्हणाले दोन्हीचा प्रयत्न करणार, पण मला उत्तर पाहिजे, घाई नाही. आणि त्यांनी मला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे एकदा जाऊन यायला सांगितलं. मला पहिल्यांदा अपमान वाटला. गेले तरीही. त्या बाईंनी विचारलं दिवसात आरशासमोर नाकाकडे बघण्यात किती वेळ जातो. मी खरं सांगितलं, चाळीस मिनिटं तरी, आणि फोनवर काढलेले फोटो वेगळे. त्यांनी सांगितलं की तीस सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के जास्त दिसते, २०१८ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी हे मोजून मांडलंय. मी घरी येऊन फोनमधले नाकाचे फोटो मोजले. १,१४६. सगळे हातभर अंतरावरून. बहिणीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून एक काढायला लावला. सावल्या त्यात पण आहेत, फुगवटा पण आहे, मी काही वेडी नाही. पण तो एक चेहरा आहे, त्यात डोळे आहेत माझे, कपाळ आहे. जवळच्या फोटोंमध्ये नुसतं नाकच होतं. १,१४६ मधले बाराच ठेवले, डॉक्टरांसाठी, बाकीचे पुसले.

आणि एक महिना रोज रात्री नाकावर चिकटवायची पट्टी लावून झोपायचं हे डॉक्टरांनी दिलेलं काम. ती बाहेरून नाकाच्या बाजू ओढून धरते, बोटाचं काम पट्टी करते. पहिल्या रात्री मी सहा तास सलग झोपले. सकाळी उठले आणि तोंड कोरडं नव्हतं. स्वयंपाकघरात गेले, आईने फोडणी टाकली होती, आणि हिंगाचा वास आला. मला आठवेना शेवटचा कधी आला होता. आईला म्हणलं अजून एकदा टाक ना हिंग, तिला काही कळलं नाही, तिने चिमूटभर तेलात टाकला, मी तिथेच उभी राहिले.

पैशाचं थोडक्यात सांगते. यावेळचा अंदाज ३ लाख ८० हजार. आरोग्य विम्यात दिसण्यासाठीची सर्जरी बसत नाही, ते पॉलिसीतच लिहिलेलं असतं, पण श्वासासाठी वैद्यकीय गरज आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर तो भाग मंजूर होऊ शकतो. माझ्या गुणांचा कागद, तपासणी, आतले फोटो असं सगळं पाठवलंय. उत्तर आलेलं नाही. नाही आलं तर कर्ज काढावं लागेल आणि याच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा पैसे घालणं मला फार जड जातंय.

बाबांबद्दल लिहायचं टाळत होते. पहिल्या ऑपरेशनला त्यांनी विरोध केला नाही, तुझे पैसे तुझं नाक एवढंच म्हणाले. पण प्लास्टर काढून घरी आले त्या संध्याकाळी ते माझ्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागले आणि मला एकदम जाणवलं की मी त्यांना काय सांगितलंय. की तुमचं नाक मला नको होतं. आजोबांचा भिंतीवरचा फोटो, आत्या, बाबा, त्या रांगेतून मी बाहेर पडले. गेली दोन वर्षं मला कुठेतरी असं वाटत होतं की दुसऱ्या ऑपरेशनने ते नाकही परत मिळेल. डॉक्टरांना मी जुना फोटो दाखवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, हे परत नाही येणार, जे काढून टाकलंय ते मी नवीन बांधू शकतो, तेच परत आणू शकत नाही.

गेल्या रविवारी बाबांबरोबर पर्वतीवर गेले. पूर्वी आम्ही दोघं सिंहगडसुद्धा आतकरवाडीतून न थांबता चढायचो, आता पर्वतीच्या पायऱ्यांनाही मला दोनदा थांबावं लागतं. अर्ध्यावर थांबले, कठड्याला टेकले, सवयीने बोट गालावर गेलं. एरवी मी हे कोणासमोर करत नाही. बाबा दोन पायऱ्या वर गेले होते, ते परत खाली आले आणि शेजारी उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं केलं की येतो का गं?" मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, ओढून बघितलं, त्यांच्या त्या नाकाच्या बाजूला, आणि म्हणाले, "मला तर काही फरक पडत नाही." मी म्हणाले तुमचं चांगलं आहे बाबा. ते म्हणाले, "हो, वारा जातो बुवा सगळा." आणि मग, पुढे बघत, "दिवाळीच्या सुट्टीत कर. मी थांबेन दवाखान्यात. कसं का दिसेना, रात्री झोपशील तरी."

वर पोचलो तेव्हा मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांनी मला हेच विचारलंय. ते म्हणाले, मग सांग की.

दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची आहे, आठवडाभर प्लास्टर, दोन आठवड्यांत डोळ्यांखालचं काळंनिळं उतरतं, बरगडी तोवर बोलण्यापुरती तरी शांत होईल. मंगळवारी चार वाजता भेट आहे. ऑपरेशन नोट्सची झेरॉक्स, बारा फोटो आणि वही एका पिशवीत घालून दारामागे अडकवलीये. वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, श्वास सुटला आणि नाक असंच दिसलं तर चालेल. त्याच्याखाली दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही चालणार. स्टुडिओतला तो घासलेला फोटो मी यावेळी बरोबर नेत नाहीये.